वाचा, हात आणि घड्याळ : पक्षाघात घरीच ओळखण्याविषयी



या व्याख्यानमालेचे निमंत्रण आले तेव्हा माझ्याकडून संतसाहित्यावर किंवा माळव्यातील मराठीवर चार शब्द ऐकायला मिळतील, अशी चालकांची स्वाभाविक अपेक्षा होती. मी विषय कळवला तो पक्षाघाताचा. त्यावर चिटणीसांचा फोन आला, "सर, हा विषय डॉक्टरांचा नव्हे का?" मी म्हणालो, "उपचार डॉक्टरांचे. पण दुखणे प्रथम दिसते ते घरातल्या माणसाला, आणि तो बहुधा माझ्यासारखाच अनभिज्ञ असतो." ते थोडे थांबले आणि "बरं" म्हणाले. या शाळेचाच माजी विद्यार्थी असलेल्या एका डॉक्टरांनी हे टिपण वाचून दोन ठिकाणी दुरुस्त करून दिले आहे. तेव्हा वैद्यकाचा भाग तपासलेला आहे. भाषेविषयीची मते माझी आहेत.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे जमतो, त्यांच्या आठवीच्या वर्गात मी १९६२ साली बसत होतो. व्याकरणाचा तास होता. फळ्यावर कर्मणी प्रयोगाचे उदाहरण लिहिता लिहिता त्यांच्या हातून खडू पडला. त्यांनी तो उचलला, पुन्हा पडला. मग ते वळून काहीतरी म्हणाले, पण शब्द जाडजाड, एकमेकांत मिसळलेले असे आले. गुरुजी गंमत करताहेत असे वाटून आम्ही हसलो. मागच्या बाकावरच्या एकाने त्यांची नक्कलही केली. गुरुजी खुर्चीवर बसले. शिपायाने तांब्या आणला. पाणी ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून सदऱ्यावर ओघळले, तेव्हा कुठे हसणे थांबले. टांग्यातून त्यांना घरी नेले. "अंगावरून वारं गेलं" असे मोठी माणसे म्हणाली. तेल, शेक, काढे झाले. पुढे ते दोन वर्षे जगले, पाय ओढत चालत, पण वर्गात पुन्हा आले नाहीत.

त्या हसण्याची टोचणी मला अनेक वर्षे होती. आज एवढे कळते की त्या दिवशी आम्ही हसलो नसतो, धावत जाऊन मोठ्यातला मोठा डॉक्टर आणला असता, तरी फारसा फरक पडला नसता. मेंदूत रक्तस्राव झाला आहे की रक्ताची गुठळी अडकली आहे हे जिवंत माणसात सहजी दाखवणारे यंत्र १९६२ साली जगात नव्हते. सी.टी. स्कॅनने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले गेले ते लंडनमध्ये १ ऑक्टोबर १९७१ रोजी. गुठळी विरघळवणारे औषध पक्षाघातात उपयोगी पडते हे अमेरिकेतील मोठ्या चाचणीने सिद्ध झाले ते १९९५ साली. त्यापूर्वी लवकर ओळखण्याला मोल होते ते शुश्रूषेपुरते.

दुसरी गोष्ट २०११ सालची, आणि तिला ही सबब लागू नाही.

फेब्रुवारीतला रविवार होता. माझी पत्नी सव्वासहाला उठली. दूधवाल्याच्या हिशेबावरून आमचे दोन वाक्यांचे बोलणेही झाले. पावणेसातच्या सुमारास तिच्या हातून कप निसटला. मग गॅसकडे पाहत ती म्हणाली, "अहो, घड्याळ उतू जातंय." मी हसलो. आयुष्यभर अलंकार शिकवलेला माणूस. मला ती कोटी वाटली. सव्वासातला पुण्याहून मुलीचा फोन आला, तो तिने घेतला, आणि दोन मिनिटांत मुलीने मला मागून घेतले. "बाबा, आई अशी का बोलतेय?" मी उत्तर दिले, "रात्री झोप झाली नाही तिची." ती आडवी झाली. मी वर्तमानपत्र वाचले. दहा वाजता चहा घेऊन गेलो तेव्हा तोंड एका बाजूला उतरलेले दिसले. साडेदहाला नेहमीचे डॉक्टर आले. रक्तदाब पाहून त्यांनी तत्काळ हलवायला सांगितले. जवळचा म्हणून ज्या दवाखान्यात नेले तेथे सी.टी.ची सोय नव्हती. दुसरीकडे पोहोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. तेथील तरुण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : "त्या शेवटच्या पूर्णपणे ठीक कधी होत्या?" मी वेळ सांगितली. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला, आणि काही न बोलता पुढच्या कामाला लागले. तो हिशेब कसला होता हे मला नंतर समजले. गुठळीवरचे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. आमचे सव्वासहा झाले होते.

ती आणखी आठ वर्षे होती. त्या आठ वर्षांत मी या विषयाचे जे वाचन केले, त्याचा सारांश आपल्यासमोर ठेवतो.

प्रथम शब्दांकडे वळू, कारण चुकीचा शब्द येथे प्रत्यक्ष नुकसान करतो. संस्कृत वैद्यकात वातव्याधींच्या प्रकरणात दोन वेगळी नावे आहेत : शरीराची एक बाजू जाणे तो पक्षाघात, आणि तोंड वाकडे होणे ते अर्दित. अरबी वैद्यकातही नेमकी हीच जोडी आढळते. अंगाची एक बाजू जाणे म्हणजे 'फालिज', ज्याच्या मुळाशी दुभंगण्याचा अर्थ आहे. आणि तोंड फिरणे म्हणजे 'लक्वा'. हिंदीत येता येता 'लकवा' साऱ्या अंगाला लागू झाला आणि आपण इंदूरकरांनी तो तसाच उचलला. मराठीचे 'वारे जाणे' त्याच वातकल्पनेतले. हे सारे शब्द परिणामाचे वर्णन करतात : पडलेला हात, वाकडे तोंड. दुखण्याचे घर मेंदूत आहे हे त्यांत कुठेच येत नाही. म्हणून अजूनही हातावर चोळण्याचे तेल शोधले जाते, काही ठिकाणी तर कबुतराचे रक्त. हाताला काहीही झालेले नसते.

त्यावर उपाय म्हणून हल्ली 'मेंदूचा झटका' हा शब्दप्रयोग रूढ झाला आहे. हृदयाच्या झटक्याशी तुलना होऊन घाई कळते हा त्याचा गुण. पण आपल्याकडे हिंदीच्या सहवासात 'झटका आला' म्हणजे फेफरे आले असाही अर्थ होतो, आणि रुग्णवाहिकेच्या फोनवर ही गफलत परवडणारी नाही. तेव्हा फोनवर नाव न ठेवता जे दिसते ते सांगावे : "अचानक बोलणे बिघडले आहे, उजवा हात उचलत नाही, पावणेसातपर्यंत ठीक होत्या." याहून चांगले निदान घरच्या माणसाने करण्याची गरज नाही.

आता मेंदूकडे. शरीराच्या वजनाचा सुमारे पन्नासावा भाग असलेला हा अवयव शरीरातील प्राणवायूचा सुमारे पाचवा भाग वापरतो, आणि साठवण म्हणून जवळजवळ काहीच ठेवत नाही. त्याला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद पडली तर तो एक प्रकार. वाहिनी फुटून रक्त पसरले तर दुसरा. गुठळीचे प्रमाण पुष्कळ जास्त असते. दोहोंचा परिणाम बाहेरून सारखाच दिसू शकतो. हा मुद्दा कृपया लक्षात ठेवावा. पुढे तो कामी येणार आहे.

मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते आणि उजवी बाजू डावी चालवते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. त्यापलीकडची एक गोष्ट अशी की मेंदूच्या पृष्ठभागावर चेहऱ्याचा आणि हाताचा भाग शेजारी शेजारी आहेत, बहुतेकांच्या डाव्या मेंदूत वाणीची केंद्रे त्यांच्याच जवळ आहेत, आणि या साऱ्या प्रदेशाला मुख्यतः एकच मोठी रक्तवाहिनी पाणी घालते. पायाचा भाग मात्र वर, आतल्या बाजूला, दुसऱ्या वाहिनीच्या वाट्याला येतो. म्हणून ती मोठी वाहिनी अडली की तोंड, हात आणि बोलणे एकदम जाते आणि पाय पुष्कळदा त्यामानाने बरा राहतो. "चालत तर होत्या" हे समाधान म्हणूनच फसवे असते. माझी पत्नी स्वयंपाकघरातून पलंगापर्यंत चालत गेली होती.

या भूगोलावरच पाश्चात्त्य देशांतील रुग्णवाहिकांच्या परीक्षा बेतलेल्या आहेत. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील सिनसिनाटी येथील डॉक्टरांनी डॉक्टरांची लांबलचक तपासणी गाळत गाळत तीन गोष्टींवर आणली : चेहरा, हात, वाणी. इंग्लंडमध्ये त्याच सुमारास त्यांत वेळ जोडून इंग्रजी आद्याक्षरांचा 'फास्ट' हा शब्द साधला गेला. त्याला जोडीचा मराठी शब्द घडवण्याचा मी बराच खटाटोप केला. 'चेहावावे' असे काहीतरी ध्यान तयार झाले आणि मी तो नाद सोडला. त्यापेक्षा क्रियापदे बरी : हसायला सांगा, हात उचलायला सांगा, बोलायला सांगा, आणि घड्याळ पाहा.

हसायला सांगताना दात दिसतील असे हसायला सांगावे. ओठांचा एक कोपरा वर जातो आणि दुसरा जागीच राहतो, हे त्यात उघड होते. येथे एक उपप्रश्न नेहमी विचारला जातो. नुसता चेहरा जाण्याचे एक दुखणे आहे, स्कॉटिश शल्यविशारद चार्ल्स बेल यांच्या नावाने ओळखले जाणारे. त्यात चेहऱ्याची नस बिघडते, मेंदू नव्हे. त्यात सहसा कपाळाला आठ्याही घालता येत नाहीत आणि डोळा मिटत नाही. मेंदूच्या आघातात कपाळ बहुधा वाचते, कारण कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आज्ञा जातात. हे ज्ञान म्हणून सांगितले. घरी बसून याच्या आधारे निर्णय करू नये. वाकडे तोंड दिसले की निघावे.

हातांसाठी : डोळे मिटून दोन्ही हात समोर आडवे, तळवे वर करून दहा सेकंद धरायला सांगावे. दुबळा हात हळूहळू खाली येतो किंवा तळवा आतल्या बाजूला वळू लागतो. डोळे मिटण्याला कारण आहे. उघडे असले की माणूस पाहून हात सावरतो.

वाणीच्या बाबतीत मला थोडे अधिक बोलू द्यावे, कारण येथे माझा व्यवसाय आणि माझी चूक दोन्ही येतात. बोलणे दोन तऱ्हांनी बिघडते. एकात शब्द बरोबर असतात, जीभ आणि ओठ साथ देत नाहीत; गुरुजींचे तसे झाले असावे. दुसऱ्यात उच्चार स्वच्छ असतो आणि शब्दच हरवतो किंवा बदलतो. याला वाचाघात म्हणतात. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी एका रुग्णाच्या मेंदूची मरणोत्तर तपासणी केली. त्या माणसाला सारे समजत असे, पण वर्षानुवर्षे त्याच्या तोंडून 'तां' एवढाच ध्वनी निघे. डाव्या मेंदूचा पुढचा भाग नष्ट झालेला आढळला. १८७४ साली जर्मनीत कार्ल वेर्निके यांनी उलट चित्र मांडले : अस्खलित, भराभर, व्याकरणाच्या वळणाचे बोलणे, पण अर्थ नाही, आणि समोरच्याचे बोलणेही उमगत नाही. असा रुग्ण घरच्यांना भ्रमिष्ट वाटतो, दारू प्यायलेला वाटतो, कधी विनोदी वाटतो. "घड्याळ उतू जातंय" हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. कर्ता, क्रियापद, काळ, सारे जागच्या जागी. म्हणूनच मी फसलो.

मग तपासावे कसे? आपल्याकडील स्वाभाविक ओढ अशी की "एक ते दहा म्हणून दाखव" किंवा "आरती म्हण बघू" असे सांगायचे. हे करू नये. पाठ असलेले, लयीत बसलेले, हजारदा म्हटलेले शब्द वाचाघातातही पुष्कळदा शाबूत राहतात. आकडे, वार, स्तोत्रे, शिव्यासुद्धा. एकोणिसाव्या शतकातच जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्रज वैद्याने स्वयंचलित बोलणे आणि विचारपूर्वक रचलेले बोलणे यांतला हा भेद नोंदवला होता. माझी पत्नी पुढची आठ वर्षे रामरक्षा अथपासून इतिपर्यंत म्हणत असे, आणि "पाणी" हा शब्द तिला सापडत नसे. ती हाताने दाखवायची. तेव्हा तपासणीचे वाक्य पाठ नसलेले, पण साध्या शब्दांचे हवे. मी स्वतः असे एक वाक्य ठरवले आहे : 'आज बाजारात ताजी हिरवी पालेभाजी मिळाली नाही.' ओठ, दात, टाळू यांचे ध्वनी त्यात आहेत, आणि आपला ळही. ते आपण म्हणावे आणि तसेच म्हणायला सांगावे. लगेच एखादी वस्तू दाखवून "हे काय?" असे विचारावे. जीभ वळवणारी अवघड वाक्ये घेऊ नयेत. त्यांत धडधाकट माणूसही अडखळतो.

आणखी एक गोष्ट केवळ आपल्यासारख्या परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांसाठी. रुग्णवाहिकेतला मुलगा हिंदीत विचारतो, घरातली ऐंशीची आजी मराठीत विचार करते. ती हिंदीत अडखळली तर ते दुखणे की सवयीचा अभाव, हे त्याला कसे कळणार? दोन भाषा बोलणाऱ्याला आघात झाला तर एक भाषा अधिक आणि एक कमी बिघडू शकते, हेही नोंदलेले आहे. "आजी रोज अशा बोलत नाहीत" हे सांगण्याचा अधिकार घरच्यांचाच. कवळी काढलेली असेल, ऐकू कमी येत असेल, तेही सांगावे. तुलना नेहमी त्याच माणसाच्या कालच्या बोलण्याशी करायची असते. माझ्या मुलीने फोनवरून, चेहरा न पाहता, हीच तुलना केली होती.

रुग्ण स्वतः का सांगत नाही, असे आपण विचाराल. वाचा गेली तर सांगणार कसे, हे उघड आहे. पण उजव्या मेंदूच्या आघातात याहून विलक्षण प्रकार घडतो. डावा हात निर्जीव पडलेला असतो आणि माणूस शांतपणे म्हणतो, "मला काही झालेलं नाही." कधी तो हात आपला नाहीच असेही म्हणतो. १९१४ साली झोसेफ बाबिन्स्की या फ्रेंच वैद्याने या अवस्थेला नाव दिले. हा हट्ट नव्हे, लपवाछपवीही नव्हे. स्वतःचे आजारपण जाणणारा भागच जायबंदी झालेला असतो. शिवाय गुठळीच्या आघातात बहुधा दुखत नाही. छातीत कळ आली की माणूस ओरडतो. मेंदू बंद पडताना पुष्कळदा कुणालाच जाग येत नाही. म्हणून अशा वेळी "तुला कसं वाटतंय?" या प्रश्नावर विसंबू नये.

तीन चिन्हांच्या परीक्षेतून काही रुग्ण निसटतातही. अमेरिकेतील केंटकी येथील डॉक्टरांनी २०१७ साली आपल्याकडील नोंदी तपासल्या, तेव्हा शंभरातील सुमारे चौदा रुग्णांत चेहरा, हात, वाणी यांपैकी काहीच बिघडलेले नव्हते. मेंदूच्या मागच्या भागाचा रक्तपुरवठा अडला की ही तिन्ही सुरक्षित राहू शकतात, आणि अचानक तोल जातो, एका बाजूची नजर जाते किंवा एकाचे दोन दिसतात. म्हणून आता तोल आणि डोळे ही दोन चिन्हे पुढे जोडतात. रक्तस्रावात आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी एकाएकी सुरू होऊ शकते. सर्वांत महत्त्वाचा शब्द 'अचानक' हा आहे. महिनाभर हळूहळू वाढणारी मुंग्यांची तक्रार वेगळी, आणि भाजी चिरता चिरता सुरी गळून पडणे वेगळे.

आता घड्याळ. मोठी वाहिनी अडलेल्या आघातात, उपचार न झाल्यास, दर मिनिटाला सरासरी १९ लाख मज्जापेशी मरतात असा हिशेब जेफ्री सेव्हर या अमेरिकन डॉक्टरांनी २००६ साली मांडला. मी तो आमच्या सव्वासहा तासांना लावून पाहिला. आकडा ७१ कोटींवर गेला. सरासरी आकडे एका माणसाला लावू नयेत हे मला समजते. तरी लावला.

परंतु सारा भाग एकदम मरत नाही. मध्ये मृत गाभा आणि भोवती एक पट्टा, ज्याचे काम थांबलेले असते पण जीव असतो. १९८०च्या सुमारास शास्त्रज्ञांनी त्याला ग्रहणातल्या छायेवरून नाव दिले. आपल्या पंचांगांतही तो शब्द आहे, उपच्छाया. रक्त वेळेत परतले तर उपच्छाया उजळते, नाही तर गाभ्यात विलीन होते. सारा उपचार या पट्ट्यासाठी असतो. १९९५च्या चाचणीत आघातानंतर तीन तासांच्या आत औषध दिलेल्यांपैकी जवळजवळ पूर्ववत झालेल्यांचे प्रमाण औषध न मिळालेल्यांपेक्षा निदान तीस टक्क्यांनी अधिक निघाले. २००८ साली ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत वाढली. २०१५ साली लागोपाठ पाच चाचण्यांनी दाखवले की मोठी गुठळी मांडीतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून ओढून काढता येते, आणि २०१८ पासून काही निवडक रुग्णांत हे चोवीस तासांपर्यंतही करता येते. त्या वाढीव तासांवर विसंबून कुणी सावकाश निघू नये; ज्यांची उपच्छाया टिकलेली दिसते त्यांच्यासाठीच ते आहेत.

औषध निर्धोक नाही. पहिल्या चाचणीत शंभरातील सुमारे सहा जणांच्या मेंदूत त्यामुळे गंभीर रक्तस्राव झाला. म्हणूनच आधी स्कॅन आणि वेळेची खात्री. वेळ नक्की ठाऊक नसेल, उदाहरणार्थ झोपेतून उठतानाच हात पडलेला असेल, तर मोजणी सुरू होते ती शेवटचे ठीक पाहिले तेव्हापासून, म्हणजे बहुधा रात्री झोपण्यापासून. "सकाळी सहाला झाले" असे अंदाजाने सांगणे धोक्याचे आहे. "रात्री दहाला ठीक होते, सहाला असे आढळले" हे खरे उत्तर.

रुग्णालयात वेळ किती वाचवता येतो याचे एक उदाहरण फिनलंडच्या राजधानीतले, हेलसिंकीचे. तेथे दारात आल्यापासून औषध सुरू होईपर्यंत १९९८ साली सामान्यतः १०५ मिनिटे लागत. २०११ साली २०. यंत्रे काही पाचपट वेगवान झाली नव्हती. रुग्णवाहिका वाटेतूनच रुग्णालयाला कळवू लागली, कागदपत्रे रुग्णाच्या आधी पोहोचू लागली, आणि रुग्ण सरळ स्कॅनच्या टेबलाकडे जाऊ लागला. २०११. त्याच वर्षी मी वर्तमानपत्र वाचत बसलो होतो.

घरच्यांनी करायचे ते थोडे आहे. १०८ किंवा ११२ ला फोन करावा. रुग्णवाहिका लवकर येण्यासारखी नसेल तर मिळेल त्या गाडीने निघावे. चोवीस तास सी.टी. आणि गुठळीवरचे उपचार असलेल्या ठिकाणी न्यावे, ते दोन मैल लांब असले तरी. असे ठिकाण कोणते, हे आजच, धडधाकट असताना, फोन करून विचारून कागदावर लिहावे. निघाल्याबरोबर तेथे कळवावे. चालू औषधांच्या पट्ट्या पिशवीत टाकाव्यात, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी असेल तर. रुग्ण बेशुद्ध होत असेल किंवा उलटी करत असेल तर कुशीवर वळवावे.

आणि न करायचे ते अधिक महत्त्वाचे. पाणी, चहा, साखर-पाणी, काहीही तोंडात घालू नये. गिळण्याची क्रिया बिघडलेली असू शकते आणि घोट फुप्फुसात जातो. गुरुजींच्या सदऱ्यावरचे पाणी आठवते ते यासाठी. अ‍ॅस्पिरिन देऊ नये. हृदयाच्या झटक्यात ती देतात म्हणून येथेही देण्याची चूक सुशिक्षित घरांतच अधिक होते. पण गुठळी की रक्तस्राव हे स्कॅनशिवाय कळत नाही, आणि रक्तस्रावात ती घातक आहे. रक्तदाब वाढलेला दिसला तरी जिभेखाली गोळी ठेवून तो झटकन उतरवू नये; उपच्छायेला जे थोडे रक्त मिळत असते ते त्या दाबावरच मिळते. बोटांच्या टोकांना सुई टोचून रक्त काढण्याचा जो संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो त्याला कसलाही आधार नाही. तो मलाच चार वेळा आला आहे, त्यांतला एक निवृत्त प्राचार्यांकडून.

कधी कधी सारी चिन्हे दिसतात आणि दहा-वीस मिनिटांत नाहीशी होतात. हात उचलतो, बोलणे सुधारते, चहा मागितला जातो, आणि घरात हायसे वाटते. गुठळी आपोआप सरकलेली असते. ती जेथून आली ते ठिकाण, मानेतली चोंदलेली रोहिणी किंवा अनियमित ठोके पडणारे हृदय, तसेच असते. अशा प्रसंगानंतर मोठा आघात येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो. म्हणून बरे वाटले तरी त्याच दिवशी जायचे, सोमवारची वाट पाहायची नाही.

व्याख्यानानंतर एका माजी विद्यार्थिनीने विचारले, "सर, आणि तसं काही नसलं तर? उगीच धावपळ केली असं झालं तर?" प्रश्न रास्त होता. फेफरे येऊन गेल्यावर, अर्धशिशीत, आणि विशेषतः मधुमेह्याच्या रक्तातली साखर फार उतरली तर हुबेहूब असेच दिसू शकते. लॉस एंजलिसच्या रुग्णवाहिकांसाठीच्या परीक्षेत म्हणूनच रक्तातली साखर मोजणे समाविष्ट आहे. घरी साखर मोजण्याचे यंत्र असेल तर गाडी येईपर्यंत मोजून आकडा सांगावा.

मी तिला माझा अनुभव सांगितला. २०२१ साली आमच्या शेजारचे एक गृहस्थ जिन्यात मला भेटले आणि भलतेच काही बोलू लागले. मी त्यांना तेथेच पायरीवर बसवले, हात धरायला सांगितले. डावा खाली आला. त्यांच्या सूनबाई "बाबा दमलेत हो काका" म्हणत असतानाच मी फोन केला. रुग्णालयात साखर चाळीसवर आलेली निघाली. शिरेतून ग्लुकोज देताच ते उठून बसले आणि मला पाहून विचारले, "तुम्ही इथे कसे?" सी.टी.चे बिल मात्र झाले होते. त्यावरून त्यांचे माझ्याशी बोलणे काही दिवस बंद होते. आता सुरू आहे. जिन्यात भेटले की दोन्ही हात समोर धरून दाखवतात.